सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रापासून : सर्वांसाठी आरोग्यसेवेच्या मागणीची गावपातळीवर बांधणी कशी करावी

सर्वांना आरोग्यसेवा मिळावी या मागणीला उघडपणे कोणीच विरोध करत नाही, आणि चळवळ बांधणाऱ्यांची अडचण नेमकी येथूनच सुरू होते. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांपासून वंचित राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ सालीच मांडले. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेतील ‘२००० सालापर्यंत सर्वांसाठी आरोग्य’ हे उद्दिष्ट भारताने मान्य केले. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले. मात्र रात्री कळा सुरू झालेल्या बाईला उपकेंद्राच्या दाराला कुलूप दिसते, तेव्हा त्या कुलपाचा जाब कोणाला विचारायचा हे गावात बहुतेकांना माहीत नसते. ज्या मागणीला उत्तर देणारा ठरावीक माणूस नाही, ती मागणी मान्य करायला कोणाचेच काही जात नाही. म्हणून या कामाची पहिली पायरी म्हणजे मोठ्या मागणीतून अशा लहान मागण्या काढणे, ज्यांवर अमुक अधिकाऱ्याने अमुक तारखेपर्यंत सही करायची आहे असे सांगता येईल.

पुढील मांडणी मुख्यतः महाराष्ट्राच्या ग्रामीण आणि आदिवासी भागांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आहे. तिच्यातील बरीचशी पद्धत राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या अंतर्गत २००७ मध्ये अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि तेव्हाचा उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत सुरू झालेल्या लोकाधारित देखरेख व नियोजन प्रक्रियेत घडली. सरकारी आरोग्यसेवेची तपासणी गावकऱ्यांनी करायची, तिचे प्रगतीपत्रक बनवायचे आणि अधिकाऱ्यांना सर्वांसमोर उत्तर द्यायला लावायचे, अशी ती प्रक्रिया होती. सरकारी निधी आटला तरी ही पद्धत वापरण्यावर कोणाची बंदी नाही.

मागणी नेमकी कशाची

गावात बैठक घेतली की पहिला प्रश्न हमखास कार्डाचा येतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे आणि आयुष्मान भारतचे कार्ड काढून दिले म्हणजे आरोग्याचा प्रश्न मिटला, असा समज कार्यकर्त्यांमध्येही असतो. या योजनांचा उपयोग जरूर आहे. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोगाचे उपचार, डायलिसिस यांसाठी कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि पात्र माणसाला कार्ड मिळवून देण्याचे काम कोणी टाळू नये. परंतु ही योजना ठरावीक उपचारांपुरती आणि यादीतील रुग्णालयांपुरती आहे. रक्तदाबाची रोजची गोळी, लेकराचा ताप, कंबरदुखीसाठी घेतलेली सलाईन, कुत्रा चावल्यावरची लस यांतले काहीही त्या कार्डावर मिळत नाही, आणि बहुसंख्य घरांचा खिसा महिन्याकाठी रिकामा होतो तो याच बाह्यरुग्ण उपचारांवर आणि औषधांवर. म्हणून मागणीचे शब्द असे असावेत : घराजवळ, वेळेवर, उपचाराच्या वेळी पैसे न मागता आणि शिधापत्रिकेचा रंग न विचारता मिळणारी सेवा; आणि ती देण्याची जबाबदारी सरकारची.

यातील पुष्कळ गोष्टी कागदावर आधीच मिळालेल्या आहेत, हे बैठकीत सांगितले तर लोकांचा सूर बदलतो. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी संस्थेतील बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, घरापासून दवाखान्यापर्यंत आणि परत घरी सोडणारे वाहन, तसेच साध्या बाळंतपणात तीन दिवस व सिझेरियननंतर सात दिवस जेवण, हे सारे मोफत आहे. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचारांपर्यंत पैसे घेणे बंद झाले आहे. जे आधीच कबूल केले आहे ते मागणाऱ्याला भीक मागण्याचा संकोच वाटत नाही. ‘आरोग्यसेवा हक्काची, नाही कुणाच्या बापाची’ ही मोर्चातली घोषणा अशा वेळी नुसती घोषणा राहत नाही, तिच्यामागे शासन निर्णयाची प्रत असते. ती प्रत प्रत्येक बैठकीत जवळ ठेवावी.

परिसर निवडणे आणि यंत्रणा ओळखणे

सुरुवातीला संपूर्ण तालुका हाती घेऊ नये. एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्याच्याखालची गावे एवढा परिसर पुरेसा आहे. सरकारी निकषांनुसार सपाट भागात ३०,००० आणि आदिवासी किंवा डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर अनुक्रमे ५,००० आणि ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावयास हवे. आपल्या परिसराची लोकसंख्या या आकड्यांशी ताडून पाहणे हाच पहिला अभ्यास होतो, आणि पुष्कळदा पहिली मागणीही त्यातूनच निघते.

त्यानंतर कोण कोणाच्या हाताखाली आहे, हे नीट समजून घ्यावे. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असतात. तेथील तक्रार तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्याकडे जाते. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय हे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘सिव्हिल सर्जन’च्या अखत्यारीत येतात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे असते, आणि शहरातला दवाखाना महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा. ग्रामीण रुग्णालयात सोनोग्राफी होत नाही म्हणून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या दालनात दोन तास घोषणा देणाऱ्या मोर्चाला ‘हा विषय आमच्याकडे येत नाही’ एवढे एकच वाक्य ऐकून परतावे लागते. एका पानावर हा नकाशा काढून, प्रत्येक पदापुढे कार्यालयाचा पत्ता लिहून, तो गटातील प्रत्येकाकडे द्यावा.

गावातही एक यंत्रणा कागदावर असते. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती प्रत्येक महसुली गावात असावयास हवी, आणि तिला गावाच्या गरजेप्रमाणे खर्च करण्यासाठी वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित निधी मूळ योजनेत धरलेला आहे. समितीचे सदस्य कोण, शेवटची बैठक कधी झाली, पासबुक कोणाकडे आहे, हे तीन प्रश्न ग्रामसभेत विचारले की समिती जिवंत आहे की नावापुरती, ते लगेच कळते. समिती मृतवत असेल तर नवी संघटना काढण्यापूर्वी तिच्यातच आपली माणसे, विशेषतः बचत गटातल्या स्त्रिया, आणाव्यात. केंद्राच्या पातळीवरील रुग्ण कल्याण समितीबाबतही हेच.

माणसे कशी जोडावीत

चावडीवर बोलावलेल्या बैठकीला जे येतात ते बहुधा सरकारी दवाखान्यात जात नाहीत. ज्यांना जावे लागते ते मजुरीवर असतात, पाड्यावर असतात, किंवा त्या चावडीवर बसण्याची त्यांना सवय नसते. म्हणून बैठका वस्तीवार घ्याव्यात : दलित वस्तीत वेगळी, प्रत्येक पाड्यावर वेगळी, स्त्रियांची वेगळी, आणि शक्यतो संध्याकाळची जेवणे उरकल्यावर. ज्या भागातून ऊसतोडीसाठी माणसे जातात तेथे दिवाळीच्या आसपास निम्मे गाव रिकामे होते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. त्या भागात हिवाळ्यात केलेली पाहणी सर्वांत गरजू घरांना वगळूनच होते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. त्या स्त्रियांच्या अनुभवाकडे इतकी वर्षे दुर्लक्ष झाले, कारण त्या सहा महिने कोणत्याच गावच्या बैठकीत नव्हत्या.

बैठकीत भाषणाने सुरुवात करू नये. ‘तुमच्या घरात शेवटचे आजारपण कोणते झाले, कोठे गेलात, किती पैसे लागले आणि ते कोठून आणले?’ एवढे विचारावे आणि ऐकावे. उत्तरे फळ्यावर किंवा मोठ्या कागदावर सर्वांना दिसतील अशी लिहीत जावीत. कोणी शेळी विकली, कोणी मुकादमाकडून उचल घेतली, कोणी बायकोची पोत गहाण टाकली. पंधरा घरांचे हिशेब एकाखाली एक लिहिले गेले की आपले आजारपण आपल्या नशिबाचा भाग आहे असे समजणारा माणूस बेरजेकडे पाहू लागतो. या बेरजेच्या क्षणी कार्यकर्त्याने गप्प राहावे, असे माझे मत आहे. तेथे घाईने ‘म्हणूनच आपल्याला संघटित व्हायला हवे’ असे म्हटले की बैठक पुन्हा कार्यकर्त्याची होते.

प्रत्येक वस्तीतून दोघे-तिघे निवडून त्यांचा पंधरा-वीस जणांचा गट करावा. त्यात निम्म्याहून अधिक स्त्रिया असाव्यात, कारण लसीकरण, बाळंतपण, वृद्धांचे आजारपण हा सारा व्यवहार त्यांच्या अंगावरून जातो. लिहिता येणारे एक-दोन तरुण पुरतात. सगळेच शिकलेले असण्याची गरज नाही. कोणत्याही पक्षाचा पदाधिकारी गटात असण्याला हरकत नसावी, मात्र गटाच्या वतीने बोलणारा तो एकटाच नसावा.

पुरावा गोळा करणे

या कामाचा कणा येथे आहे आणि बहुतेक चळवळी येथेच कच्च्या राहतात. ‘डॉक्टर कधीच नसतात’ हे वाक्य खरे असले तरी अधिकाऱ्याच्या दृष्टीने त्याला किंमत नाही. ‘अमुक महिन्यातील चार मंगळवारी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, सकाळी ११ वाजता आम्ही केंद्रात गेलो, त्यांपैकी तीन वेळा वैद्यकीय अधिकारी हजर नव्हते, आणि त्या वेळी अनुक्रमे इतके रुग्ण बसलेले होते’ या वाक्याला उत्तर द्यावेच लागते.

माहिती तीन वाटांनी मिळवावी आणि तिन्ही एकमेकींशी ताडून पाहाव्यात. पहिली वाट लोकांच्या गटचर्चेची. उपकेंद्रातील आरोग्यसेविका गावात येते का, गरोदर बाईचे वजन व रक्तदाब पाहिला जातो का, बाहेरून औषध आणायला चिठ्ठी दिली जाते का, कोणी पैसे मागतो का, वागणूक कशी असते, असे दहा-पंधरा प्रश्न घेऊन प्रत्येकाला चांगले, बरे किंवा वाईट असा शेरा गटाने एकमताने द्यावा. हिरवा, पिवळा आणि लाल अशा तीन रंगांत हे प्रगतीपत्रक रंगवले की वाचता न येणाऱ्यालाही ते कळते, आणि सर्व गावांची पत्रके शेजारी शेजारी लावली की कोणती सेवा सगळीकडेच लाल आहे, ते दुरूनच दिसते. जी सेवा फक्त एका गावात लाल आहे ती त्या गावच्या कर्मचाऱ्याची बाब असू शकते. जी सर्वत्र लाल आहे ती वरच्या कार्यालयाची असते.

दुसरी वाट प्रत्यक्ष भेटीची. भेटीपूर्वी वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी पत्र देऊन पोच घ्यावी. तीन-चार जणांनीच जावे, प्रसूतिकक्षात किंवा रुग्ण तपासले जात असताना आत शिरू नये, आणि कोणाचेही चित्रीकरण विचारल्याशिवाय करू नये. पाहायचे काय हे आधी ठरलेले असावे : पाणी आहे का, स्त्रियांचे स्वच्छतागृह उघडे आहे का, रुग्णवाहिका चालू स्थितीत आहे का, कर्मचाऱ्यांची मंजूर पदे किती आणि भरलेली किती. औषधांची तपासणी करताना भली मोठी यादी घेऊ नये. ताप आणि जुलाबाची औषधे, लोहाच्या गोळ्या, रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन, सर्पदंशावरील लस आणि रेबीजची लस एवढी आठ-दहा नावे पुरेशी आहेत. साठा आज किती आहे, याबरोबरच गेल्या तीन महिन्यांत तो किती दिवस शून्य होता, हे साठा नोंदवहीतून उतरवून घ्यावे. पावसाळ्याच्या तोंडावर सर्पदंशाची लस नसणे आणि फेब्रुवारीत नसणे यांत फरक आहे. म्हणून ही भेट मे महिन्याच्या अखेरीस एकदा तरी व्हावी.

तिसरी वाट कागदपत्रांची. जे दाखवले जात नाही ते माहिती अधिकारात मागावे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आतला असावा लागतो, शुल्क १० रुपये असते आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही माफ असते. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. ते न आल्यास प्रथम अपील करावे. ‘आरोग्य केंद्राची सर्व माहिती द्यावी’ असा अर्ज हमखास परत येतो. मागील आर्थिक वर्षात रुग्ण कल्याण समितीच्या खात्यात किती रक्कम आली आणि ती कोणत्या बाबींवर खर्च झाली, एवढेच विचारणारा अर्ज उत्तर घेऊन येतो.

याखेरीज काही व्यक्तींचे अनुभव सविस्तर नोंदवावे लागतात : उपचार नाकारले, पैसे घेतले, वाहन न मिळाल्याने वाटेत बाळंतपण झाले. अशा नोंदीत तारीख, वेळ, संस्था, काय सांगितले गेले आणि कोणता खर्च झाला हे क्रमाने यावे. केसपेपर, बाहेरून आणलेल्या औषधाची चिठ्ठी, दुकानाची पावती, खासगी गाडीचे भाडे यांचे फोटो जोडावेत. नोंद त्या व्यक्तीला वाचून दाखवावी आणि तिची संमती घ्यावी. क्षयरोग, एचआयव्ही, गर्भपात, लैंगिक अत्याचार अशा प्रकरणांत नाव, गाव, वय यांतले काहीही बाहेर जाऊ देऊ नये. लहान गावात ‘खालच्या आळीतील एक स्त्री’ एवढ्यावरूनही माणूस ओळखता येतो. आणि प्रत्येक नोंद दुसऱ्या कार्यकर्त्याने पुन्हा जाऊन पडताळावी. दहा नोंदींपैकी एक खोटी निघाली तर उरलेल्या नऊ खऱ्या नोंदी तिच्याबरोबर बुडतात.

कर्मचारी आपले विरोधक नव्हेत

गावाला दिसणारी आरोग्यव्यवस्था म्हणजे आशाताई आणि आरोग्यसेविका. राग त्यांच्यावर निघतो, कारण जिल्ह्याचे अधिकारी कोणी पाहिलेले नसतात. पण एकाच आरोग्यसेविकेकडे दोन उपकेंद्रांचा भार असेल, प्रयोगशाळा तंत्रज्ञाचे पद रिकामे असेल आणि डॉक्टर करारावर नेमलेले असतील, तर त्या दुखण्याचे मूळ मंत्रालयातील पदभरतीत आणि अंदाजपत्रकात असते. प्रगतीपत्रक तयार झाल्यावर ते प्रथम केंद्रातील कर्मचाऱ्यांसमोर ठेवावे आणि त्यांच्या अडचणी लिहून घ्याव्यात. त्यांतील ज्या अडचणी खऱ्या आहेत, त्या आपल्या मागणीपत्रात घालाव्यात. निवासस्थान गळते म्हणून आरोग्यसेविका मुक्कामी राहत नसेल, तर ‘ती मुक्कामी राहावी’ आणि ‘निवासस्थान दुरुस्त व्हावे’ या दोन मागण्या एकत्रच गेल्या पाहिजेत. आशांनी मानधनवाढीसाठी २०२३ मध्ये राज्यभर संप केला; अशा वेळी गावाच्या गटाने ग्रामसभेचा ठराव करून त्यांना पाठिंबा दिला, तर पुढची दहा वर्षे गावात काय चालले आहे, याची खबर मिळत राहते.

याचा अर्थ पैसे उकळणाऱ्याला पाठीशी घालावे असा नाही. बाळंतपणासाठी घेतलेले पैसे परत मागावेत, आणि सरकारी नोकरीत राहून जवळच खासगी दवाखाना चालवणाऱ्याची लेखी तक्रार करावी. पण कोणाच्याही अंगावर जाऊ नये, जमाव घेऊन दवाखान्यात घुसू नये. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हिंसेविरुद्धच्या राज्याच्या २०१० च्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एकदा मारहाण झाली की चर्चा मारहाणीची होते, आणि जो डॉक्टर मोठ्या मिनतवारीने त्या आडगावात आलेला असतो तो बदली करून घेतो.

जनसुनवाई

संवादातून जे सुटते ते सुटू द्यावे, पुष्कळ सुटते. जे उरते त्यासाठी जनसुनवाई, म्हणजे लोकांनी तक्रारी मांडायच्या आणि अधिकाऱ्यांनी सर्वांसमोर उत्तरे द्यायची अशी जाहीर सभा, घ्यावी. ती प्रथम केंद्राच्या पातळीवर आणि मग तालुक्याच्या पातळीवर व्हावी, कारण केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हाती जे नाही ते तालुक्यात मांडता येते. तारीख ठरवताना पेरणी, काढणी, परीक्षा आणि निवडणुकीची आचारसंहिता पाहावी. स्थळ केंद्राचे आवार किंवा पंचायत समितीचे सभागृह असावे; देवळाचे आवार फुकट मिळते, पण तेथे यायला काही जण संकोचतात. तालुका आरोग्य अधिकारी, गटविकास अधिकारी, पंचायत समितीचे सभापती यांना किमान तीन आठवडे आधी लेखी निमंत्रण द्यावे, आणि मांडली जाणारी प्रकरणे त्यासोबतच पाठवावीत. अधिकाऱ्याला अचानक कोंडीत पकडण्यात क्षणभर समाधान मिळते, पण तो ‘माहिती घेऊन सांगतो’ म्हणतो आणि तेथेच विषय संपतो. आधी प्रकरण मिळालेला अधिकारी चौकशी करून येतो. पुष्कळदा सुनवाईच्या आदल्या दिवशीच औषधांची गाडी येते.

मंचावर अधिकाऱ्यांबरोबर दोन-तीन स्वतंत्र माणसे बसवावीत : एखादे निवृत्त शिक्षक, वकील, बाहेरच्या तालुक्यातले डॉक्टर, स्थानिक पत्रकार. सूत्रसंचालन गटातीलच कोणी करावे. आधी प्रगतीपत्रकाचे पाच मिनिटांत वाचन, मग एकेक प्रकरण, आणि प्रत्येक प्रकरणानंतर लगेच अधिकाऱ्याचे उत्तर, असा क्रम ठेवावा. सर्व तक्रारी आधी आणि उत्तरे शेवटी असे केले तर शेवटी सगळ्यांना मिळून एक गुळमुळीत उत्तर मिळते. आठ ते दहा प्रकरणे पुरेत. साक्ष देणाऱ्या बाईने स्वतः बोलावे आणि तिच्या शेजारी तिच्याच वस्तीतली दुसरी बाई उभी राहावी. आदल्या संध्याकाळी एकदा रंगीत तालीम घ्यावी, मात्र तिचे शब्द बदलू नयेत. आमदार किंवा इतर नेते आले तर त्यांना मान द्यावा, माइक शेवटी द्यावा.

प्रत्येक उत्तरानंतर सूत्रसंचालकाने तीनच गोष्टी विचाराव्यात : कोण करणार, कधीपर्यंत करणार, आणि त्याची माहिती गटाला कशी मिळणार. हे तेथल्या तेथे मोठ्या कागदावर लिहावे, इतिवृत्तावर त्याच दिवशी अधिकाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात आणि प्रती ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषदेला द्याव्यात. ज्या गोष्टी मान्य झाल्या त्या दवंडी देऊन किंवा फलक लावून सर्व गावांना कळवाव्यात. लोकांना हरलेल्या लढायांची सवय असते, त्यामुळे जिंकलेले लगेच कळवावे लागते.

शहरे आणि खासगी रुग्णालये

शहरात प्राथमिक आरोग्य केंद्राऐवजी महापालिकेचा दवाखाना आणि प्रभाग हा घटक धरावा. बाकी पद्धत तीच राहते. मात्र तेथे धर्मादाय रुग्णालयांचा एक जादा दरवाजा असतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेली योजना यांनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने ठेवायच्या आहेत, आणि एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची आहे. तातडीच्या रुग्णाकडे अनामत रक्कम मागता येत नाही. वस्तीच्या गटाने आपल्या भागातील धर्मादाय रुग्णालयांची यादी करावी, दर्शनी भागात योजनेचा फलक आहे का ते पाहावे, आणि उत्पन्नाचा दाखला व शिधापत्रिका आधीच तयार ठेवण्याची सवय लोकांना लावावी. रात्री दोन वाजता तहसीलदाराचा दाखला मिळत नाही.

इतर खासगी रुग्णालयांसाठी शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली असून रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक लावणे बंधनकारक आहे. बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवणे हा तर उघड हक्कभंग आहे. फलकांची पाहणी हे महाविद्यालयीन मुलांना देण्याजोगे उत्तम पहिले काम आहे.

तालुक्यापासून विधिमंडळापर्यंत

एका केंद्राच्या परिसरात औषधे मिळू लागली की गट स्वस्थ बसतो, आणि सर्वांसाठी आरोग्यसेवा ही मूळ मागणी मागे पडते. तसे होऊ नये म्हणून प्रत्येक सुनवाईनंतर उरलेल्या प्रश्नांची वर्गवारी करावी. स्थानिक पातळीवर सुटणारे वेगळे, जिल्ह्याचे वेगळे, आणि रिक्त पदे, औषध खरेदी, अंदाजपत्रक, कायदा हे राज्याचे वेगळे. जिल्ह्याच्या प्रश्नांसाठी शेजारच्या चार-पाच केंद्रांचे गट एकत्र आणावेत आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीपुढे जावे. राज्याच्या प्रश्नांसाठी जन आरोग्य अभियानासारख्या राज्यव्यापी आघाडीशी जोडून घ्यावे, आणि अधिवेशनाच्या किमान दीड महिना आधी आपल्या आमदाराला पुराव्यासह तारांकित प्रश्नाचा, म्हणजे मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते अशा प्रश्नाचा, मसुदा द्यावा. आमदारांना प्रश्न हवे असतात. आकडे असलेला तयार प्रश्न ते आनंदाने घेतात. अंदाजपत्रकाच्या मागण्या मार्चमध्ये मांडून उपयोग नसतो, तोवर आकडे ठरलेले असतात; त्या दिवाळीनंतर लगेच पोचाव्यात. ग्रामसभेच्या ठरावांची संख्या येथे कामी येते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या ग्रामसभांत एकाच मजकुराचा ठराव साठ गावांनी केला, तर त्या गठ्ठ्याला निवेदनाहून वेगळे वजन असते.

कायद्याच्या मागणीबाबत राजस्थानचा अनुभव अभ्यासावा. तेथे जन स्वास्थ्य अभियानाशी जोडलेल्या संघटनांनी अनेक वर्षे लावून धरल्यावर मार्च २०२३ मध्ये विधानसभेने आरोग्य हक्काचा कायदा केला. तातडीच्या रुग्णावर आधी पैसे न घेता उपचार करण्याच्या तरतुदीवर खासगी डॉक्टरांनी मोठा संप केला आणि सरकारला त्यांच्याशी तडजोड करावी लागली. थायलंडमध्ये तर नागरी संघटनांनी ५०,००० हून अधिक सह्या गोळा करून स्वतःचा मसुदा संसदेपुढे ठेवला, आणि २००२ मध्ये तेथे सर्व नागरिकांना आरोग्यसेवेचा कायदेशीर हक्क मिळाला. दोन्हीकडे कायदा येण्याआधी खालची बांधणी होती. आपल्याकडे कायदा उद्या झाला तरी आपल्या उपकेंद्राचे प्रगतीपत्रक भरणारा गट नसेल, तर त्याची अंमलबजावणी पाहणार कोण, हा प्रश्न विचारून मगच मुंबईच्या मोर्चाची तारीख ठरवावी.

गट टिकवणे

पैसे थोडे लागतात, पण लागतात. प्रवास, झेरॉक्स, माइक यांसाठी घरटी दहा-वीस रुपये वर्गणी काढावी आणि जमाखर्च दर तीन महिन्यांनी वस्तीत वाचून दाखवावा. दुसऱ्यांच्या पासबुकाचा हिशेब मागणाऱ्यांचा स्वतःचा हिशेब उघडा हवा. बाहेरच्या संस्थेचा निधी आला तर तो प्रशिक्षणावर खर्च करावा, कार्यकर्त्यांच्या पगारावर नको. दर सुनवाईला सूत्रसंचालन नव्या माणसाकडे द्यावे. व्हॉट्सॲपचा गट निरोपांसाठी ठीक आहे, पण रुग्णांचे कागद त्यावर टाकू नयेत आणि निर्णय तेथे घेऊ नयेत.

जनसुनवाईतील आश्वासनांचा तक्ता केंद्राच्या भिंतीवर लावून दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी दोघांनी जाऊन त्यात काय झाले, ते भरावे. ‘प्रस्ताव वर पाठवला आहे’ असे उत्तर आले, तर जावक क्रमांक आणि दिनांक मागावा, आणि त्या क्रमांकासह पुढच्या कार्यालयात जावे. सहा महिन्यांनी सर्व गावांत तेच प्रश्न घेऊन नवे प्रगतीपत्रक काढावे. प्रश्न बदलू नयेत, नाहीतर आधीच्या रंगांशी तुलना करता येत नाही. नव्या पत्रकात जे लाल राहिले, तेवढेच पुढच्या सुनवाईच्या निमंत्रणासोबत पाठवावे.